पापणीला दिलेला बाक

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वराचा गड्डा भरतो. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम हे सगळं उरकलं तरी गड्डा पुढे बरेच दिवस हलत नाही. संध्याकाळी बायकांची गर्दी होते ती बांगड्यांच्या आणि कटलरीच्या दुकानांपुढे. काजळाच्या डब्या, सुरम्याच्या बाटल्या, टिकल्यांची पाकिटं, आयलायनर, नकली पापण्या, सगळं एकाच फळीवर. शहराच्या नव्या वस्त्यांमध्ये, जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूला, पार्लरांच्या दरपत्रकात आता त्याच्या पुढची पायरी आली आहे: लॅश लिफ्ट, म्हणजेच पापण्यांचं पर्मिंग. पापणीचे केस रसायनाने मऊ करायचे, वर वळवायचे आणि त्या बाकात पक्के करायचे. सहा ते आठ आठवडे ना चिमटा लागतो, ना मस्कारा.

फळीवरच्या डबीत आणि दरपत्रकातल्या या ओळीत कित्येक शतकांचं अंतर आहे, पण प्रश्न जुनाच आहे. बुबुळाच्या इतकं जवळ जे लावायचं, ते आधी कोणी तपासलं होतं? पापणीच्या शृंगाराचा इतिहास चाळला तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘कोणीच नाही’. दुसरी गोष्ट अशी दिसते की आरशात दिसणाऱ्या काळ्या रेघेने फारसं कोणाचं बिघडवलं नाही. बिघडवलं ते रेघेसोबत आलेल्या, न दिसणाऱ्या गोष्टींनी. कधी ते लावणारं बोट होतं, कधी शिसं, कधी गोंद, कधी कलपातलं रसायन.

सोलापूरच्या जुन्या घरांत काजळ विकत आणत नसत, धरत असत. रात्री स्वयंपाकघराच्या वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात एरंडेलाचा नाहीतर तुपाचा दिवा लावायचा. दोन बाजूंना विटा ठेवून त्यांवर तांब्याचं किंवा काशाचं ताट उपडं घालायचं. ज्योतीचं टोक ताटाला जेमतेम भिडलं पाहिजे. ताट फार वर राहिलं तर काजळी उडून जाते, फार खाली आलं तर दिवा गुदमरतो. काही घरांत वातीचं फडकं आधी माक्याच्या रसात भिजवून सावलीत वाळवत. सकाळी ताटाच्या पोटाशी जमलेली काजळी सुरीच्या पाठीने हलकेच खरवडायची, लोण्यात किंवा तुपात घोटायची, कणभर कापूर घालायचा आणि डबीत भरायची. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या या गावात मराठी घरं होती, कन्नड बोलणारी लिंगायत घरं होती, मागावर काम करायला तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं होती, उर्दू बोलणारे विणकर होते. बोली वेगळ्या, सण वेगळे. पण बाळाच्या डोळ्यांत काजळ सगळ्यांकडे.

बाळाला न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन झाली की आजी डबीत बोट बुडवायची. दोन्ही डोळ्यांच्या कडा भरायच्या, कपाळावर आणि गालावर तीट, कोणी तळपायालाही लावायचं. मग तेच बोट पुन्हा डबीत, आणि पुन्हा शेजारच्या मांडीवरच्या पोराच्या डोळ्यांत. त्या काजळीत सुरम्यासारखं शिसं नसे. ती बव्हंशी कार्बनची भुकटी. अडचण होती ती बोटाची.

खुपऱ्या हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. जुन्या पिढीला तो चांगला ठाऊक होता. क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस नावाच्या जंतूचा हा संसर्ग पापणीच्या आतल्या बाजूला होतो. वरचेवर झाला की आत व्रण धरतात, पापणी आतल्या अंगाला दुमडते आणि तिचे केस बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक उघडझापीला ओरखडा. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की बुबुळ पांढरं पडतं आणि दृष्टी जाते. हा जंतू माश्यांमुळे, सामायिक पंच्यामुळे आणि काजळ-सुरमा लावणाऱ्या एकाच बोटामुळे किंवा सळईमुळे पसरतो, हे सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत डॉक्टरांना शिकवलं जात आलं आहे. भारताने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भाग झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नसल्याचं जाहीर केलं. साठ वर्षं लागली.

पापणीच्या केसाची दिशा हा नुसता नटण्याचा विषय नव्हता, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वी कळलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या ७६ विकारांची गणना आहे. त्यात पक्ष्मकोप येतो: केस आत वळून डोळ्याला टोचणं. त्यावर सांगितलेली शस्त्रक्रिया आजही वाचणाऱ्याला थबकवते. भुवई आणि पापणीचे केस यांच्या मधल्या जागेतून जवाच्या आकाराची कातडीची पट्टी कापून काढायची आणि कडा केसाने शिवून टाकायच्या. कातडी आखडली की पापणी वर ओढली जाते, केस बाहेर वळतात. केसाला हात न लावता केसाची दिशा बदलण्याची ही युक्ती होती. सोलापुरातल्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयात शालाक्यतंत्र, म्हणजे मानेच्या वरच्या अवयवांच्या उपचारांची शाखा, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाचनात ती आजही येते.

चरकाने दिनचर्येत अंजन घातलं, पण मोजून मापून. सौवीरांजन रोज चालेल. डोळ्यांतून पाणी काढणारं रसांजन मात्र पाचव्या किंवा आठव्या रात्री, आणि तीव्र अंजन दिवसा नको, कारण त्याने हळवा झालेला डोळा उन्हात त्रासतो. किती लावायचं, कधी लावायचं आणि कोणी लावू नये, हे तिन्ही प्रश्न त्या ग्रंथांत आहेत. पुढे बाजार वाढला तसे हे प्रश्न मागे पडले.

सुरम्याची गोष्ट त्याचं ढळढळीत उदाहरण. सुरमा म्हणजे अँटिमनीचं खनिज, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. रसायनशास्त्रज्ञांनी बाजारातले सुरमे तपासले तेव्हा त्यांतले पुष्कळसे गॅलेना निघाले, म्हणजे शिशाचं सल्फाइड. त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के शिसंच असतं. दोन्ही खनिजं काळपट चकचकीत, दोन्हींची पूड सारखीच गार लागते. खरेदी करणाऱ्याला फरक कळणं अशक्य. मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या कडेला लागलेली चिमूट कदाचित निभावून जाईल, पण लहान मूल डोळे चोळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. शिसं पोटातून रक्तात जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. भारतातल्या नियमांनी रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरलेल्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदी घातली आहे, आणि डिसेंबर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही ती कायम आहे. पण लेबल नसलेल्या, यात्रेत किंवा तीर्थक्षेत्री विकल्या जाणाऱ्या बाटलीला नियम गाठणार कसा?

विसाव्या शतकात डोळ्यांचा शृंगार घरातून पडद्यावर गेला आणि तिथून पुन्हा घरात आला. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके यांनी रंगवली, कारण बाई मिळत नव्हती. त्याच्या तीनच वर्षांनंतर, १९१६ मध्ये, अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘इन्टॉलरन्स’मध्ये सीना ओवेन या नटीच्या पापण्यांवर खऱ्या केसांच्या नकली पापण्या गोंदाने चिकटवल्या गेल्या. दिग्दर्शकाला त्या गालापर्यंत पोचणाऱ्या हव्या होत्या. पुढे एका सकाळी ती डोळे जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत, सुजून चित्रीकरणाला आली, असं तिची सहकलाकार लिलियन गिश हिने नोंदवून ठेवलं आहे. नकली पापणीच्या इतिहासातल्या पहिल्याच प्रसिद्ध जोडीचा हा परिणाम. तो केसांमुळे नव्हता, गोंदामुळे होता.

या पडद्याशी सोलापूरचं नातं शशिकला यांच्यामुळे आहे. ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात भावसार शिंपी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी जिल्ह्यातल्या गावांमधून त्या रंगमंचावर गात, नाचत. वडिलांचा धंदा बुडाला आणि घर मुंबईला आलं. गायिका-अभिनेत्री नूरजहाँमुळे १९४५ च्या ‘झीनत’मधल्या कव्वालीत त्यांना छोटं काम मिळालं. पुढे ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) यांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. खलनायिका म्हणून गाजलेल्या शशिकलांचं बरंचसं काम डोळेच करत. हिंदी पडद्यावरचा तो काळच डोळ्यांचा होता: लांब ओढलेलं आयलायनर, दाट पापण्या, कॅमेऱ्याचे क्लोजअप. १९५२ मध्ये टाटांनी सुरू केलेल्या लॅक्मेमुळे देशी प्रसाधनं गावोगावच्या जनरल स्टोअर्सपर्यंत पोचत होती. सिनेमाच्या खेळातून बाहेर पडलेल्या मुलीला तसा डोळा आपल्यालाही रंगवता येईल असं वाटू लागलं.

पापणी वळवण्याच्या तंत्राचा उगम मात्र डोक्याच्या केसांत आहे. कार्ल नेस्लर हा १८७२ मध्ये जर्मनीतल्या टोटनाऊ गावी जन्मलेला केशकलाकार. लंडनमध्ये दुकान थाटल्यावर १९०२ मध्ये त्याने नकली भुवया आणि पापण्या बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पण त्याचं नाव राहिलं ते पर्मसाठी. १९०५-०६ च्या सुमारास त्याने त्याचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. केसांना अल्कधर्मी द्रव लावायचा, ते तापवलेल्या जड पितळी कांबींभोवती गुंडाळायचे आणि सुमारे सहा तास बसून राहायचं. कांबी टाळूला लागू नयेत म्हणून छतापासून वजनांचा एक सांगाडा टांगलेला असे. पहिले प्रयोग त्याने पत्नी कॅथरिनावर केले होते. त्यांत तिचे केस जळून गेले आणि टाळू भाजली. तरीही ती पुन्हा बसली.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या दशकात उष्णतेची गरज संपली. थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्षारांनी थंडपणेच ते काम होऊ लागलं. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी बांधलेल्या असतात. पहिलं द्रावण या जोड्या सोडवतं, केस लवचीक होतो. मग तो हव्या त्या आकारात बसवून दुसरं द्रावण लावलं की जोड्या नव्या जागी पुन्हा जुळतात. या दुसऱ्या द्रावणात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं. आज पार्लरमध्ये पापणीला जे लावतात, ते मुळात हेच रसायन. फरक एवढाच की डोक्यावर थेंब ओघळला तर तो कपाळावर येतो. पापणीवरून ओघळला तर थेट बुबुळावर.

त्या थेंबाची किंमत जगाला कळली ती मात्र पर्ममुळे नव्हे, कलपामुळे. १९३३ मध्ये अमेरिकेत ‘लॅश लुअर’ नावाचा पापण्या-भुवयांचा कायमचा रंग पार्लरांत वापरला जात होता. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन या वर्गातलं रसायन होतं. ओहायो राज्यातल्या डेटन शहरात एका समारंभासाठी तयार होताना एका महिलेने तो लावून घेतला. काही तासांत डोळ्यांची आग सुरू झाली, पापण्या सुजून बंद झाल्या, बुबुळांवर व्रण पडले आणि तिची दृष्टी कायमची गेली. इतरही स्त्रियांना इजा झाली, एकीचा मृत्यू झाला. सरकारी अधिकाऱ्यांना हे सगळं माहीत असूनही माल जप्त करता येईना, कारण तिथला १९०६ चा कायदा सौंदर्यप्रसाधनांना लागूच नव्हता. अखेर त्यांनी अशा घातक वस्तूंचं प्रदर्शनच भरवलं आणि त्या महिलेचे आधीचे व नंतरचे फोटो त्यात लावले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘भयालय’ म्हणून गाजवलं. १९३८ मध्ये नवा कायदा आला, आणि त्याखाली झालेली पहिली जप्ती लॅश लुअरची होती. पापणीला कायमचा रंग देण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढे कित्येक दशकं एकाही रंगद्रव्याला परवानगी दिली नाही.

भारतात १९४० चा कायदा फक्त औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनं त्यात आली आणि कायद्याचं नावही बदललं. डेटनमधल्या त्या घटनेचे पडसाद सोलापुरातल्या कुठल्याही किराणा दुकानात आजही हातात घेऊन वाचता येतात. केसांना लावायच्या काळ्या कलपाचं पाकीट उलटं करून पाहावं. पॅराफेनिलीनडायअमीन असलेल्या कलपावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापण्याची सक्ती आहे: काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्यावी, हा कलप पापण्यांना वा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकतं. चाचणीची रीतही आत दिलेली असते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कलप लावायचा, चोवीस तास थांबायचं, खाज वा लाली आली तर वापरायचा नाही. अक्षरं बारीक असतात, पाकिटाच्या घडीत दडलेली असतात, आणि भुवया काळ्या करताना ती वाचणारे थोडेच.

गोंदाचा धडा आपल्याकडे कपाळाने शिकवला. सोलापूर जिल्ह्यातलं करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव. तिथल्या कारखान्यांतलं कुंकू पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत जातं. करंड्यातलं मेण बोटाने कपाळावर टेकवायचं आणि त्यावर कुंकवाचं बोट, ही रीत. चिकटवायची टिकली आली आणि मेणाची जागा गोंदाने घेतली. काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे बायका येऊ लागल्या त्या टिकलीच्या नेमक्या जागी पांढरा डाग घेऊन. घरात कोड आलं म्हणून घाबरलेल्या. १९९० च्या सुमारास भारतीय डॉक्टरांनी तपासून दाखवलं की काही टिकल्यांच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल हे द्रव्य त्वचेच्या रंगपेशी मारत होतं. टिकलीच्या लाल-मरून रंगाचा यात काही दोष नव्हता. पापणीच्या शृंगारात तर गोंद सगळीकडे आहे: नकली पापण्यांना, एकेक केस जोडणाऱ्या एक्स्टेन्शनला आणि पर्मच्या वेळी पापण्या साच्याला धरून ठेवायलाही.

पापण्यांचं पर्मिंग रूढ होताना जुन्याच चुकांची उजळणी झाली. जपानमध्ये डोक्याच्या केसांचं पर्मचं द्रावण पापण्यांवर वापरलं जाऊ लागलं आणि इजेच्या तक्रारी आल्या. १९८५ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ते द्रावण पापण्यांना वापरू नये असं कळवलं. २००४ मध्ये तेच पुन्हा सांगावं लागलं. युरोपीय संघाने शास्त्रज्ञांच्या समितीकडून तपासणी करून घेतली आणि २०१५ मध्ये मर्यादा घातली: पापणीसाठीच्या द्रावणात थायोग्लायकोलिक आम्ल ११ टक्क्यांहून जास्त नको, आणि ते फक्त प्रशिक्षित व्यावसायिकाने हातमोजे घालून वापरायचं. घरी स्वतः करण्याची सोय त्या नियमाने ठेवली नाही. स्वतः लावताना द्रावण डोळ्यात जाऊन इजा होण्याचा धोका, हे त्यामागचं साधं कारण.

पार्लरमध्ये हे कसं चालतं? नीट चालतं तेव्हा असं चालतं. डोळ्यांचा सगळा मेकअप काढून पापण्या कोरड्या करतात, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढायला लावतात. खालच्या पापण्या पट्टीखाली झाकतात. वरच्या पापणीच्या कातडीवर सिलिकॉनचा छोटा अर्धगोल साचा बसवतात आणि एकेक केस त्यावर सरळ चिकटवतात. दोन केस एकमेकांवर चढले तर पुढे दोन महिने तसेच वाकडे दिसणार. मग पहिलं द्रावण केसाच्या मुळापासून थोडं वर ठेवून मधल्या भागाला, कातडीला न लागेल असं. टोकांना शक्यतो लावत नाहीत, कारण टोक बारीक असतं आणि आधी तेच जळतं. ठरलेली मिनिटं झाली की पुसून दुसरं द्रावण. सगळा वेळ गिऱ्हाइकाने डोळे मिटून ठेवायचे. मध्ये डोळा उघडला की झोंबलंच.

परिणाम कसा दिसेल हे मूळ केसावर ठरतं. लांब पण सरळ, खाली झुकलेल्या पापण्यांना सर्वांत जास्त फरक पडतो. त्या आधी दिसतच नसतात, त्या दिसू लागतात. पर्मने केस वाढत नाही, दाटही होत नाही. मुळात आखूड पापणी फार लहान साच्यावर वळवली तर ती मागे पापणीलाच टेकते आणि आणखी आखूड दिसते. द्रावण जास्त वेळ राहिलं तर केस कुरळा होत नाही, मोडका होतो, टोकाला दोऱ्यासारखा पिंजतो. वरच्या पापणीला सुमारे ९० ते १५० केस असतात. एकेका केसाची वाढ महिना-दोन महिन्यांत थांबते, काही काळाने तो गळतो आणि जागी नवा सरळ केस येतो. म्हणून बाक सहा-आठ आठवड्यांत ओसरतो, आणि म्हणूनच बिघडलेलं कामही बहुधा आपोआप निस्तरतं. मुळालाच इजा झाली तर मात्र नाही.

या केसांचं कामही निव्वळ शोभेचं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश निघाली. याच लांबीला वारा डोळ्यावरून सर्वांत कमी वाहतो, डोळा कमी सुकतो आणि धूळ कमी बसते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या, धुळीच्या सोलापुरात हा आडोसा लहान समजू नये.

धोक्यांची यादी डोळ्यांचे डॉक्टर ठामपणे सांगतात. पापणीची कातडी अंगावरची सर्वांत पातळ. तिला अल्कधर्मी द्रावण लागलं तर लाली, सूज, खपल्या. डोळ्यात गेलं तर दाह, क्वचित बुबुळावर ओरखडा किंवा भाजल्याची जखम. ॲलर्जी ही वेगळी बाब: ती पहिल्या खेपेला येईलच असं नाही, तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही उद्भवते, आणि एकदा आली की शरीर विसरत नाही. रांजणवाडी झालेली असताना, पापण्यांच्या कडांना कोंडा-सूज असताना, डोळे कोरडे पडत असताना किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना हे करूच नये. द्रावण डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं.

निवाडा द्यायचा तर असा: लॅश लुअरच्या पंगतीत या पर्मला बसवणं अन्यायाचं ठरेल. निरोगी डोळ्यावर, पापणीसाठीच बनवलेल्या द्रावणाने, प्रशिक्षित हाताने केलेलं काम बहुतेकींना कसलाही त्रास न देता दोन महिने टिकतं आणि निघून जातं. पण त्यात चुकायला जागा फार थोडी आहे, आणि त्या जागेत बसतो तो निनावी बाटलीतला माल. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त किटवर उत्पादकाचं नाव, घटकांची यादी, मुदत आणि आयात नोंदणी नसेल, तर आत किती टक्के काय आहे हे पार्लरवाल्या ताईंनाही सांगता येणार नाही. लग्नसराईत आदल्या दिवशी घाईघाईने पापण्या करून घेण्यात दुसरा धोका आहे: चाचणीला वेळच उरत नाही, आणि सूज आलीच तर ती हळदीच्या दिवशी येते.

तेव्हा पापण्या करून घ्यायच्या असतील तर समारंभाच्या किमान आठवडाभर आधी करून घ्याव्यात. त्याच्या दोन दिवस आधी पार्लरमध्ये जाऊन दोन्ही द्रावणांचा आणि गोंदाचा ठिपका कानामागे लावून घ्यावा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबावं. बाटली मागून हातात घ्यावी, तिच्यावरचं वाचावं. ती दाखवायला जे पार्लर कां-कू करेल, तिथून उठून यावं. आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कलपाच्या पाकिटावर आहे तसा ठळक इशारा या बाटल्यांवरही मराठीत यावा यासाठी पावलं उचलावीत. यावेळी तरी नियमाने इजेची वाट पाहू नये.